वार्धक्यातील स्नायुक्षय आणि ‘प्रीबायोटिक’ पूरके

स्वातंत्र्य मिळाले तेव्हा भारतीयाचे सरासरी आयुर्मान सुमारे ३२ वर्षे होते. आज ते सत्तरीच्या आसपास पोहोचले आहे. २०११ च्या जनगणनेत साठी ओलांडलेल्यांची संख्या देशात दहा कोटींच्या वर भरली. महाराष्ट्राच्या लोकसंख्येत हे प्रमाण ९.९ टक्के, म्हणजे राष्ट्रीय सरासरीहून (८.६ टक्के) अधिक होते. आयुष्य लांबले ही समाधानाची गोष्ट खरीच. परंतु लांबलेली ही वर्षे कशी जातात, हा प्रश्न उरतोच. जमिनीवरून आधाराशिवाय उठता येणे, पाण्याची बादली उचलता येणे, एस. टी. च्या पायऱ्या चढता येणे, या साध्या गोष्टींवर वृद्धाचे स्वावलंबन अवलंबून असते आणि त्या गोष्टी स्नायूंच्या बळावर अवलंबून असतात.

वयपरत्वे होणारी स्नायूंची ही झीज थांबविण्याचे आश्वासन देणारी अनेक पूरके औषधांच्या दुकानांत मांडलेली दिसतात. त्यांत अलीकडे ‘प्रीबायोटिक’ या नावाच्या भुकट्यांची भर पडली आहे. आतड्यांतील उपकारक जिवाणूंचे पोषण केले की स्नायूही बळकट होतात, असा त्यामागील विचार आहे. तो विचार निराधार नाही. मात्र विचार पटण्याजोगा असणे आणि प्रयोगात खरा उतरणे या दोन भिन्न गोष्टी होत. या बाबतीत प्रयोग काय सांगतात आणि त्यावरून सामान्य कुटुंबाने कोणता बोध घ्यावा, याचा विचार येथे करावयाचा आहे.

स्नायूंची झीज कशी होते?

निरोगी प्रौढ माणसाच्या वजनाचा ढोबळमानाने ४० टक्के भाग हाडांना जोडलेल्या स्नायूंचा असतो. चाळिशीच्या आसपास त्यांचे प्रमाण हळूहळू घटू लागते. पन्नाशीनंतर दरवर्षी साधारणपणे एक ते दोन टक्के घट होते. बळ तर त्याहूनही वेगाने उतरते. म्हणून वजन कायम असलेल्या व्यक्तीचेही बळ पुष्कळ कमी झालेले असू शकते. मांस जाते, त्याची जागा चरबी घेते आणि वजनाचा काटा मात्र जागचा हलत नाही.

या अवस्थेला ‘सार्कोपेनिया’ हे नाव अमेरिकन आहारशास्त्रज्ञ आयर्विन रोझेनबर्ग यांनी सुचविले. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या टिपणात त्यांनी दोन ग्रीक शब्द जोडून ते सिद्ध केले. त्याचा अर्थ ‘मांसाचे दारिद्र्य’ असा होतो. मराठीत त्याला ‘स्नायुक्षय’ म्हणता येईल. ‘वय झाले, आता असे व्हायचेच’ असे म्हणून आजवर ज्याकडे दुर्लक्ष होत आले, ती मोजता येण्याजोगी आणि बऱ्याच अंशी आटोक्यात ठेवता येण्याजोगी अवस्था आहे, हे या नामकरणामुळे वैद्यकाच्या नजरेत भरले.

स्नायुक्षयाची कारणे अनेक आहेत. स्नायूंना आज्ञा पोहोचविणाऱ्या मज्जातंतूंची संख्या वयाबरोबर घटते. चटकन आकुंचन पावणारे तंतू आधी क्षीण होतात. त्यामुळे तोल गेला असता पाय झटकन पुढे टाकून सावरणे वृद्धास जमत नाही आणि पडण्याचा प्रसंग ओढवतो. अन्नातील प्रथिनांपासून नवे स्नायू घडविण्याची शरीराची तत्परताही मंदावते. तरुणाच्या शरीरात जेवढ्या प्रथिनांनी ही क्रिया सुरू होते, तेवढ्याने ती वृद्धाच्या शरीरात पुरेशी होत नाही. त्यात भूक मंदावलेली, दात पडलेले आणि हालचाल थोडी. याशिवाय म्हातारपणी शरीरात सौम्य स्वरूपाचा दाह सतत धुमसत असतो. तोही स्नायूंना पोखरतो.

निष्क्रियता किती महाग पडते, हे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात दिसून आले. निरोगी वृद्धांना केवळ दहा दिवस अंथरुणावर विश्रांती दिली असता त्यांच्या पायांतील सुमारे एक किलो मांसल भाग नाहीसा झाला. आजारपणानंतर वृद्ध माणूस ‘पार खचला’ असे आपण म्हणतो, त्याचे हे एक शारीरिक कारण होय.

बळाचे मोजमाप

स्नायुक्षय ओळखण्यासाठी आशियातील तज्ज्ञांच्या गटाने २०१९ साली काही मर्यादा सुचविल्या. हाताच्या पकडीचे बळ पुरुषांत २८ किलोपेक्षा आणि स्त्रियांत १८ किलोपेक्षा कमी असणे, सामान्य चालीने एका सेकंदात एक मीटरपेक्षा कमी अंतर कापले जाणे आणि खुर्चीवरून पाच वेळा उठून बसण्यास १२ सेकंद किंवा अधिक वेळ लागणे, ही धोक्याची चिन्हे मानली जातात.

यांपैकी खुर्चीची चाचणी कोणालाही घरी करून पाहता येते. हात नसलेली भक्कम खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी, दोन्ही हात छातीवर दुमडावेत, शेजारी एक माणूस उभा करावा आणि घड्याळ लावून पाच वेळा उठावे. १२ सेकंदांपेक्षा अधिक वेळ लागल्यास घाबरण्याचे कारण नाही. परंतु डॉक्टरांना दाखविणे इष्ट होय. पुढे सांगावयाच्या लंडनच्या प्रयोगातही मुख्य मोजमाप हेच होते.

आतड्यांतील वस्ती आणि तिचे अन्न

आपल्या मोठ्या आतड्यात कोट्यवधी जिवाणूंची वस्ती असते. त्या वस्तीचा आरोग्याशी आणि दीर्घायुष्याशी संबंध असावा, हा विचार पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील शास्त्रज्ञ एली मेचनिकॉफ यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी मांडला व दह्यासारख्या आंबविलेल्या दुधाची शिफारस केली. दह्यावाटे जिवंत जिवाणू पोटात जातात. ‘प्रीबायोटिक’ची कल्पना याहून वेगळी आहे. ती १९९५ साली ग्लेन गिब्सन आणि मार्सेल रोबरफ्रॉइड या शास्त्रज्ञांनी मांडली. बाहेरून जिवाणू आणण्यापेक्षा आत असलेल्या उपकारक जिवाणूंनाच त्यांचे आवडते अन्न पुरवावे, असे तिचे सूत्र आहे. शेतकऱ्याच्या भाषेत बोलावयाचे तर एक उपाय नवे बी पेरण्याचा आहे, दुसरा उभ्या पिकाला खत घालण्याचा.

हे खत म्हणजे माणसाला न पचणारे काही पिष्टमय व तंतुमय पदार्थ. इन्युलिन हा त्यांतील प्रमुख पदार्थ होय. कॉफीत मिसळली जाणारी चिकोरी ज्या मुळांपासून करतात, त्या ताज्या मुळांत वजनाच्या १५ ते २० टक्के इन्युलिन असते. बाजारातील बहुतेक भुकट्यांतील इन्युलिन तेथूनच येते. लहान आतड्यात हे पदार्थ पचत नाहीत. ते मोठ्या आतड्यात पोहोचतात, तेथील जिवाणू त्यांना आंबवितात आणि त्यातून लहान साखळीची मेदाम्ले तयार होतात. ही मेदाम्ले आतड्याच्या अस्तराचे पोषण करतात आणि दाह शमविण्यास साहाय्य करतात. दाह शमला तर स्नायूंची झीज मंदावेल आणि खाल्लेल्या प्रथिनांचा शरीराला अधिक उपयोग होईल, अशी अपेक्षा शास्त्रज्ञांनी बाळगली. या अपेक्षेची कसोटी प्रत्यक्ष माणसांवर लावणे हेच पुढचे काम होते.

लंडनचा प्रयोग

स्पेनमधील संशोधकांनी २०१६ साली अशी एक कसोटी प्रसिद्ध केली. वृद्धनिवासांतील ६० व्यक्तींवर १३ आठवडे हा प्रयोग झाला. इन्युलिन आणि त्याच जातीच्या लहान शर्करा घेणाऱ्यांची हाताची पकड सुधारली आणि थकवा कमी झाला. परंतु जराजन्य दुर्बलतेच्या एकूण प्रमाणात लक्षणीय फरक पडला नाही. आशा वाटावी, पण खात्री होऊ नये, असा हा निष्कर्ष होता.

यानंतर लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील संशोधकांनी अधिक काटेकोर प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०२४ साली प्रसिद्ध झाले. त्या संस्थेत १९९२ पासून जुळ्या भावंडांची मोठी नोंदवही ठेवण्यात आली आहे. तिच्यातून साठीवरील जुळ्यांच्या ३६ जोड्या, म्हणजे ७२ व्यक्ती निवडण्यात आल्या. प्रत्येक जोडीतील एका भावंडास प्रीबायोटिक भुकटी आणि दुसऱ्यास तशीच दिसणारी निष्क्रिय भुकटी देण्यात आली. कोणाला कोणती भुकटी मिळाली, हे भाग घेणाऱ्यांपासून आणि मोजमाप करणाऱ्यांपासून गुप्त ठेवण्यात आले. एका घरात वाढलेल्या आणि आनुवंशिक साम्य असलेल्या भावंडांची तुलना असल्याने निष्कर्षाला वजन आले. सामान टपालाने घरपोच पाठवून आणि दृक्श्राव्य संपर्काने मार्गदर्शन करून हा सारा प्रयोग दुरून पार पाडण्यात आला, हेही त्याचे एक वैशिष्ट्य होय.

सर्वच ७२ जणांना स्नायूंना उपयुक्त अशा अमिनो आम्लांची भुकटी मिळाली आणि बळवर्धक व्यायाम सांगण्यात आला. फरक होता तो प्रीबायोटिकपुरता. बारा आठवड्यांनंतर खुर्चीवरून उठण्याची वेळ मोजली, तेव्हा दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. भुकटीने आतड्यांत काम केले नाही असेही नव्हते. बिफिडोबॅक्टेरियम या उपकारक जिवाणूंचे प्रमाण प्रीबायोटिक घेणाऱ्यांत वाढलेले आढळले. खत पिकाला पोहोचले. स्नायूंच्या बळात मात्र त्याचे फळ दिसले नाही.

प्रयोगात एक अनपेक्षित गोष्टही हाती आली. स्मरणशक्तीच्या आणि आकलनाच्या चाचण्यांत प्रीबायोटिक घेणाऱ्या गटाची कामगिरी सरस ठरली. ही बाब कुतूहल वाढविणारी आहे. तथापि ती प्रयोगाचे मुख्य उद्दिष्ट नव्हती आणि माणसेही थोडी होती. मोठ्या संख्येवर ती पुन्हा पडताळली जाईपर्यंत तिच्या भरवशावर कोणी खरेदीस निघू नये.

या प्रयोगाचा अर्थ लावताना तारतम्य हवे. ७२ माणसे आणि १२ आठवडे एवढ्यावरून प्रीबायोटिकचा स्नायूंवर कधीच परिणाम होत नाही, असे म्हणता येणार नाही. तो होतो, असेही या प्रयोगाच्या आधारे म्हणता येणार नाही. व्यायामाने किती लाभ होतो, हे तर त्यातून समजणारच नव्हते. कारण व्यायाम दोन्ही गटांना होता. त्या प्रश्नाचे उत्तर तीस वर्षे आधीच बॉस्टनमध्ये मिळालेले आहे.

बॉस्टनचा धडा

डॉ. मारिया फियाटारोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या या प्रयोगात वृद्धनिवासातील १०० व्यक्ती सहभागी होत्या. त्यांचे सरासरी वय ८७ होते. त्यांचे चार गट करण्यात आले. एका गटाला केवळ व्यायाम, दुसऱ्याला केवळ पौष्टिक पेय, तिसऱ्याला दोन्ही आणि चौथ्याला दोन्हींपैकी काहीच नाही. व्यायाम होता तो मांड्या आणि गुडघे यांचे स्नायू वजनाविरुद्ध ताणण्याचा, दहा आठवडे चालणारा.

व्यायाम करणाऱ्यांचे स्नायुबळ सरासरी ११३ टक्क्यांनी वाढले, म्हणजे दुपटीहून अधिक झाले. न करणाऱ्यांत ही वाढ केवळ ३ टक्के होती. व्यायाम करणाऱ्यांची चाल सुमारे १२ टक्क्यांनी वेगवान झाली. व्यायामाविना दिलेल्या पौष्टिक पेयाने मात्र बळात काही भर घातली नाही. ऐंशी-नव्वदीच्या माणसाचे स्नायूही आव्हान मिळाले तर प्रतिसाद देतात आणि त्या आव्हानाची जागा नुसते पूरक घेऊ शकत नाही, हा या प्रयोगाचा धडा आहे.

आपल्याकडील परिस्थिती

भारतीयांच्या बाबतीत या प्रश्नाला एक वेगळी धार आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच उदाहरण मांडले. दोघांचाही उंचीच्या मानाने काढलेला वजनाचा निर्देशांक २२.३ होता, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के होती. पुणे परिसरातील खेड्यांत जन्मलेल्या अर्भकांच्या अभ्यासातही हेच चित्र दिसले. ही बालके इंग्लंडमधील बालकांपेक्षा वजनाने कमी, स्नायूंनी बारीक आणि तरीही चरबीने तुलनेने भरलेली होती. ज्याची स्नायूंची पुंजी मुळातच बेताची, त्याला म्हातारपणीची झीज लवकर जाणवणार हे उघड आहे. ज्येष्ठांच्या स्थितीची पाहणीही आता देशात होऊ लागली आहे. मुंबईतील देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने राबविलेल्या राष्ट्रीय पाहणीच्या पहिल्या फेरीत, २०१७-१८ मध्ये, ७२ हजारांहून अधिक व्यक्तींची माहिती गोळा करण्यात आली आणि त्यात हाताच्या पकडीचे बळही मोजण्यात आले.

आपल्या वृद्धांच्या ताटात उणीव असते ती बहुधा प्रथिनांची. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० साली प्रौढांसाठी वजनाच्या दर किलोमागे दररोज ०.८३ ग्रॅम प्रथिनांची शिफारस केली. वृद्धांनी १ ते १.२ ग्रॅम घ्यावीत, असे या विषयातील आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांचे मत आहे. ६० किलो वजनाच्या व्यक्तीस त्या हिशेबाने ६० ते ७२ ग्रॅम प्रथिने लागतात. दिवसभरात अडीचशे ग्रॅम धान्याच्या भाकरी-पोळी-भातातून सुमारे २५ ग्रॅम, ६० ग्रॅम डाळीतून १३, दोन पेले दुधातून वा तेवढ्या दुधाच्या दह्यातून १३, मूठभर शेंगदाण्यांतून ६ आणि एका अंड्यातून ६ ग्रॅम मिळतात. बेरीज ६३ होते. अंडे न खाणाऱ्यांनी त्याऐवजी मोड आलेली मटकी किंवा हरभरे घ्यावेत. ही प्रथिने एकाच जेवणात न घेता तिन्ही वेळांत विभागलेली बरी. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून प्रथिने वाढवू नयेत.

प्रीबायोटिक पदार्थांसाठी तर दुकानात जाण्याची गरजच नाही. कांदा आणि लसूण यांत इन्युलिनच्या जातीचे पदार्थ असतात. गव्हातही ते थोड्या प्रमाणात आढळतात. डाळी, वाटाणा, हरभरा यांत जिवाणूंना उपयोगी पडणाऱ्या दुसऱ्या शर्करा असतात. कच्च्या केळ्यात न पचणारे पिष्ट असते. झुणका-भाकरी, कांदा आणि लसणाची चटणी या ताटात आतड्यांतील जिवाणूंचे अन्न आपोआपच येते. प्रौढाने दिवसाला किमान २५ ग्रॅम तंतुमय पदार्थ खावेत, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली सुचविले आहे. ज्यांना याची सवय नाही त्यांनी प्रमाण हळूहळू वाढवावे आणि पाणी पुरेसे प्यावे. एकदम वाढविल्यास पोट फुगते.

पूरके घेण्यापूर्वी

प्रीबायोटिक पूरके कायद्याच्या दृष्टीने औषधे नव्हेत. ती अन्नपदार्थांत मोडतात. अन्नसुरक्षा कायद्याखालील नियमांनुसार त्यांच्या वेष्टनावर ‘औषधी वापरासाठी नाही’ अशी सूचना असणे आवश्यक आहे आणि रोग बरा करण्याचा दावा करण्यास मनाई आहे. असा दावा आढळल्यास ग्राहकाने अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करावी. एखाद्या रुग्णास डॉक्टरांनी पूरक सुचविले असेल तर ते अवश्य घ्यावे. परंतु मर्यादित निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या घरात डबा आणि डाळ-दूध यांतून निवड करण्याची वेळ आली, तर आज उपलब्ध असलेला पुरावा डाळ-दुधाच्या बाजूचा आहे.

व्यायामासाठी तर खर्चाचाही प्रश्न नाही. पासष्टीनंतर आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारे आणि तीन दिवस तोल सांभाळणारे व्यायाम करावेत, अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस आहे. खुर्चीवरून हळूहळू उठणे व बसणे, भिंतीला दोन्ही हातांनी रेटा देणे, ओट्याला धरून टाचा उचलणे, पाण्याने भरलेल्या बाटल्या हातांत घेऊन वर-खाली करणे, जिना चढणे, हे सारे घरच्या घरी होण्याजोगे आहे. आरंभ पाच-सहा आवर्तनांनी करावा. ती सोपी वाटू लागली की वाढवावीत, कारण सवयीच्या श्रमाने स्नायू वाढत नाहीत. हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्यांनी आधी वैद्यकीय सल्ला घ्यावा. नुसते चालणे आरोग्यास हितकर आहेच, परंतु मांड्यांच्या बळासाठी ते एकटे पुरेसे नाही, हे फिरावयास जाणाऱ्या ज्येष्ठांनी ध्यानात ठेवावे.

यात घरच्या माणसांचाही वाटा आहे. ‘आता तुम्ही स्वस्थ बसा’ असे म्हणून आपण वडीलधाऱ्यांच्या हातून प्रत्येक काम काढून घेतो. हेतू प्रेमाचा असतो, पण परिणाम स्नायूंना निकामी करण्याचा होतो. झेपेल ते काम त्यांच्याकडे राहू द्यावे. गावातील ज्येष्ठ नागरिक संघ, महिला मंडळे आणि ग्रामपंचायती यांना आठवड्यातून दोन दिवस सामुदायिक व्यायामाचा वर्ग चालविणे कठीण नाही. त्यासाठी लागतात त्या काही भक्कम खुर्च्या आणि एक मोकळी जागा.

आतड्यांतील जिवाणूंचे शास्त्र अजून तरुण आहे. पुढील संशोधनातून त्याचा स्नायूंशी असलेला संबंध अधिक स्पष्ट होईल आणि कदाचित उपयुक्त पूरकेही निघतील. त्यांची वाट पाहत स्वस्थ बसणे मात्र परवडणारे नाही, कारण बसून राहण्याच्या काळातही झीज चालूच असते. पुरेशी प्रथिने, कांदा-लसूण-डाळींचे साधे ताट आणि नेमाने केलेल्या उठाबशा, एवढी सामग्री आज प्रत्येक घरात आहे. तिचा उपयोग करण्यास ऐंशीव्या वर्षीही उशीर झालेला नसतो.